शिकारीचा मुहूर्त कोणी काढावा?

अमेरिकेच्या दक्षिण व मध्य भागातील अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीचे नियम एकामागून एक आवळले आहेत. जॉर्जियाने २०२२ मध्ये वसंतातील हंगामाचा प्रारंभ एप्रिलच्या पहिल्या शनिवारपर्यंत पुढे ढकलला आणि दर शिकाऱ्यामागे तीन नरांची मर्यादा दोनवर आणली. त्याच वर्षी अलाबामाने पाचांचे चार केले आणि ओक्लाहोमाने तिनांवरून थेट एकावर येणे पसंत केले. टेनेसीने २०२३ मध्ये प्रारंभ दोन आठवड्यांनी लांबवून तो १५ एप्रिलवर नेला. नेब्रास्काने परराज्यांतून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी दहा हजार परवान्यांची कमाल मर्यादा घातली; आणि कॅन्ससने तर त्याच वर्षी शरद ऋतूतील हंगाम बंदच ठेवला.

वरवर पाहता ही हौशी मंडळींच्या करमणुकीची बाब वाटेल. वस्तुतः तिच्या मुळाशी सार्वजनिक अर्थकारणातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. जी संपत्ती कोणा एकाच्या मालकीची नाही, तिचा उपभोग केव्हा, किती आणि कोणी घ्यावा हे ठरवायचे कोणी? आणि ज्यांच्या पैशावर ठरविणाऱ्याचा संसार चालतो, त्यांनाच तो ‘यंदा थांबा’ असे सांगू शकेल काय?

टर्की आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व प्राणी नेले त्यांत एक टर्की होता, आणि मन्सूर या दरबारी चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. तथापि समुद्रमार्गे जगभर पसरलेला तो पक्षी पाळीव वंशातला. त्याचा रानातला भाऊबंद हा मूळचा उत्तर अमेरिकेचा रहिवासी. पूर्ण वाढलेला नर सात ते अकरा किलोंचा. पण माणसाची चाहूल लागताच क्षणात झाडीत दिसेनासा होणारा. आज अलास्का वगळता अमेरिकेच्या ४९ राज्यांत त्याच्या शिकारीचा हंगाम भरतो. एका शतकापूर्वी मात्र हा पक्षी नामशेष होण्याच्या वाटेवर होता, आणि तेथून तो परत कसा आला हे पाहिल्याखेरीज आजच्या वादाचा अर्थ नीट लागत नाही.

बेवारस संपत्ती

युरोपीय वसाहतींपूर्वी या पक्ष्यांची संख्या एक कोटीच्या घरात असावी, असा एक अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकात जंगले तोडून शेते झाली, शहरांतील बाजारपेठा वाढल्या आणि धंदेवाईक शिकारी पक्षी मारून गाड्या भरभरून पाठवू लागले. आपण सोडलेला पक्षी उद्या दुसरा मारणारच, मग आपणच का सोडावा, हा प्रत्येकाचा हिशोब व्यक्तिशः बिनचूक होता. पण सर्वांच्या बिनचूक हिशोबांची बेरीज मात्र विनाशाची झाली. एकेकाळी ३९ राज्यांत असलेला हा पक्षी १९२० पर्यंत त्यांतील १८ राज्यांतून नाहीसा झाला, आणि १९३० च्या दशकात देशभरातील संख्या दोन लाखांच्या आसपास आल्याचे मानले जाते.

सामायिक मालकीच्या मत्स्यसंपत्तीचे अर्थशास्त्र स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडले. गॅरेट हार्डिन यांचा सामायिक कुरणांच्या शोकान्तिकेवरील प्रसिद्ध निबंध १९६८ चा. टर्कीच्या बाबतीत मात्र ती शोकान्तिका या सिद्धान्तांच्या कितीतरी आधी घडून गेली होती.

उपाय दोन दिशांनी आले. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वन्य प्राण्यांवर राज्यांचा ताबा मान्य केला. त्यातील मालकीचा सिद्धान्त १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने रद्द ठरविला. परंतु संवर्धनासाठी नियम करण्याचा राज्यांचा अधिकार टिकून राहिला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली आणि बाजारासाठी होणाऱ्या शिकारीचा कणा मोडला. बेवारस संपत्तीला अशा रीतीने विश्वस्त मिळाला. पण विश्वस्ताच्या हाती पैसा नव्हता.

तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने दिला. लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कर वन्य जीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राखून ठेवण्यात आला. राज्यांतील वाटपाचे सूत्र ठरले ते असे: निम्मा पैसा राज्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे आणि निम्मा तेथील परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येप्रमाणे. मंजूर योजनेच्या खर्चातील चारांपैकी तीन भाग केंद्राने द्यायचे, एक भाग राज्याने घालायचा. अट एकच, पण मोलाची: परवान्यांचे शुल्क राज्याने वन्य जीव खात्याखेरीज अन्यत्र वळवता कामा नये. ज्या कामासाठी कर घेतला त्याच कामी तो लावायचा, हे तत्त्व सांगायला सोपे आणि पाळायला किती कठीण असते, हे कोणत्याही अंदाजपत्रकाच्या वाचकाला सांगावयास नको.

आकड्यांचा मोह

पैसा आला म्हणजे शहाणपण येतेच असे नाही. पहिली अनेक वर्षे राज्यांनी पिंजऱ्यात वाढविलेले टर्की रानात सोडण्यावर खर्च केला. किती पक्षी सोडले याचा आकडा दरवर्षी अहवालात छापता येत असे. किती जगले हे मात्र कोणी फारसे विचारीत नसे. आईविना वाढलेल्या त्या पक्ष्यांना शत्रू कसा ओळखावा, रात्री कोठे बसावे, पिल्लांना कसे लपवावे यांतले काहीच ठाऊक नव्हते. ते थोड्याच काळात कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. फलितापेक्षा खर्चालाच यश मानणाऱ्या नियोजनाचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कलाटणी मिळाली ती एका साध्या साधनाने. १९५१ मध्ये साउथ कॅरोलिनात तोफेसारख्या नळ्यांतून उडविलेले जाळे टाकून रानातलेच टर्की जिवंत पकडण्यात आले. असे मूठभर रानटी पक्षी पकडून ते रिकाम्या जंगलात सोडले, की पाच-दहा वर्षांत तेथे नवी वसाहत उभी राही. राज्याराज्यांत मग एक प्रकारचा वस्तुविनिमयच सुरू झाला. मिसुरीने केंटकीला टर्की दिले आणि बदल्यात पाणमांजरे घेतली! टर्कीच्या संवर्धनासाठी शिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली तेव्हा देशात सुमारे तेरा लाख टर्की होते. या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत ती संख्या पासष्ट-सत्तर लाखांच्या दरम्यान गेली. वन्य जीवांच्या पुनरुज्जीवनाच्या इतिहासात इतके घवघवीत यश विरळाच.

मुहूर्ताचे शास्त्र

या यशात जाळ्याइतकाच वाटा हंगामाच्या शिस्तीचा होता. मिसुरीचेच उदाहरण घ्यावे. १९५० च्या दशकाच्या आरंभी या राज्यात अडीच हजारांहूनही कमी पक्षी उरले होते. शिकार बंद ठेवून पुनर्वसाहतीचे काम झाल्यावर १९६० मध्ये जो पहिला वसंत हंगाम खुला केला, तो अवघ्या तीन दिवसांचा आणि १४ परगण्यांपुरता. त्यात ९४ पक्षी मारले गेले. पक्षी वाढत गेले तसतसे दिवस आणि परगणे वाढविण्यात आले. आधी मोजणी आणि मग सवलत, हा तो क्रम होता.

कोकणकिनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात ती माशांच्या विणीचा काळ जावा म्हणून. टर्कीचा वसंत हंगाम मात्र नेमका विणीच्याच काळात येतो, आणि येथेच तारखेला महत्त्व प्राप्त होते. टर्कीचा नर अनेक माद्यांशी समागम करतो. पुढे अंडी उबविण्यात वा पिल्ले वाढविण्यात त्याचा काहीही भाग नसतो. मादी एका समागमानंतर कित्येक आठवडे फलित अंडी घालू शकते. जमिनीवरच्या घरट्यात ती दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. याचा अर्थ असा, की बहुतेक माद्या अंड्यांवर बसल्यानंतर काही नर मारले गेले तरी पुढील पिढीचे फारसे नुकसान होऊ नये. अर्थशास्त्राच्या भाषेत, मुद्दलाला धक्का न लावता व्याज खर्च करण्याची ही सोय आहे.

शरद ऋतूचा हिशोब वेगळा. त्या हंगामात अनेक राज्यांनी मादी मारण्यासही मुभा दिलेली असते, आणि मादी म्हणजे मुद्दल. शरदातील एकूण पक्ष्यांच्या दहा टक्क्यांहून अधिक शिकार होऊ लागली की संख्येला उतार लागतो, असा या क्षेत्रातला प्रचलित संकेत आहे. कॅन्ससने शरद हंगाम बंद ठेवण्याचे इंगित येथे आहे.

वसंतातील अडचण अशी, की निसर्गाचा मुहूर्त आणि शिकाऱ्याचा मुहूर्त एक नाही. नर पहाटेच्या वेळी मोठ्याने आरव करीत माद्यांना साद घालू लागतात तेव्हा शिकाऱ्याला रानात जाण्याची घाई होते. दक्षिणेत ही घाई मार्चमध्येच सुरू होते. माद्या मोठ्या संख्येने अंड्यांवर बसतात त्या मात्र एप्रिलमध्ये. मधल्या आठवड्यांत कळपातले प्रबळ नर मारले गेले तर समागमाची घडी विस्कटते की काय, अशी शंका जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन यांच्यासारख्या संशोधकांनी उपस्थित केली आहे.

ही घाई कायद्यावर किती दडपण आणू शकते, याचा अनुभव साउथ कॅरोलिनाने घेतला. या राज्यात हंगामाच्या तारखा विधिमंडळ ठरविते. २०१५ मध्ये विधिमंडळाने राज्यभर २० मार्चपासून शिकार खुली करण्याचा कायदा केला. आणि पुढे काही वर्षांतच त्याला तो पुन्हा आवळावा लागला. ज्या राज्याने रानटर्की पकडण्याचे साधन देशाला दिले, त्यालाच मुहूर्त काढताना संयम राखता आला नाही.

उताराची कारणे

पक्ष्यांची संख्या अनेक राज्यांत घसरली आहे यात संशय नाही. मिसुरीत २००४ च्या वसंतात सुमारे साठ हजार टर्की मारले गेले होते. २०२१ मध्ये हा आकडा पस्तीस हजारांच्या आसपास आला. नंतर काही भरपाई झाली, पण जुने शिखर दूरच राहिले. अधिक चिंताजनक आहे ती पिल्लांची गणना. दर उन्हाळ्यात खात्याचे कर्मचारी आणि नागरिक मादीमागे किती पिल्ले दिसली याची नोंद करतात. हे प्रमाण दोनच्या आसपास असेल तर संख्या टिकते, असे मानले जाते. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत ते वर्षानुवर्षे दोनच्या खाली रेंगाळले.

याचे खापर एकट्या शिकाऱ्यावर फोडणे न्याय्य ठरणार नाही. पिल्लांना पहिल्या काही आठवड्यांत किड्यांनी समृद्ध अशी गवताळ मोकळी जागा लागते. तिची जागा दाट झाडीने किंवा सलग एकपिकी शेतीने घेतली आहे. रॅकूनसारखे अंडी खाणारे प्राणी वाढले, कारण त्यांच्या कातड्यांचा बाजार बसला आणि फासे लावणारे उरले नाहीत. ओला व थंड वसंत पिल्लांना मारक ठरतो. शिवाय रिकाम्या रानात नव्याने आलेली जात आधी भरमसाट वाढते आणि मग जागेच्या मानाने स्थिरावते, हाही निसर्गाचाच नियम. त्यामुळे २००४ च्या शिखराला कायमचा मानदंड समजणे म्हणजे तेजीच्या वर्षातल्या नफ्याला नेहमीचे उत्पन्न समजण्यासारखे आहे.

मग राज्यांनी केलेले उपाय कितपत लागू पडतील? मर्यादा कमी करण्याचा उपाय पाहावा. समजा, शंभर शिकाऱ्यांपैकी सत्तरांच्या हाती काहीच लागत नाही, वीसजण एकेक पक्षी मारतात, सातजण दोन आणि उरलेले तिघे तीन. एकूण शिकार त्रेचाळीसची. तिनाची मर्यादा दोनवर आणली तर वाचतील फक्त तीन पक्षी. आकडे कल्पित आहेत, पण बहुतेक शिकारी मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत, हे वास्तव त्यांच्यामागे आहे. मर्यादा घटविणे हा उपाय डोळ्यांना चटकन दिसतो, कोणाला फारसा बोचत नाही आणि म्हणूनच तो लोकप्रिय ठरतो. जो निर्णय कोणाच्याच हातचे काही काढून घेत नाही, तो पक्ष्यांच्या पदरी तरी काय घालणार?

तारखेच्या बाबतीतही भाबडेपणा नको. टेनेसीने २०२१ पासून दक्षिण-मध्य भागातील काही परगण्यांत हंगाम दोन आठवडे लांबवून आणि शेजारचे परगणे पूर्ववत् ठेवून तुलना केली. माद्यांच्या विणीत त्यामुळे लक्षणीय सुधारणा झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. लवकरच्या प्रारंभाचे समर्थक साहजिकच या निष्कर्षाकडे बोट दाखवितात. परंतु दोन-तीन वर्षांत एका भागातील विणीवर परिणाम झाला नाही, एवढ्यावरून सर्वत्र आणि सर्वकाळ प्रारंभ लवकर ठेवावा असे सिद्ध होत नाही. त्या प्रयोगाचे खरे मोल वेगळे आहे. एका शासकीय खात्याने आपला नियम चुकीचा ठरू शकेल अशा रीतीने मांडला, तो तपासला आणि प्रतिकूल उत्तरही जाहीर होऊ दिले. पिंजऱ्यातले पक्षी सोडण्याच्या काळात असा एक प्रयोग वेळीच झाला असता, तर कितीतरी वर्षे आणि कितीतरी डॉलर वाचले असते.

पैसा कोणाचा, पक्षी कोणाचा?

सर्वांत नाजूक प्रश्न पैशाचा आहे. खात्याचा खर्च परवान्यांच्या शुल्कावर आणि बंदुकांवरील करावर चालतो. करातील निम्मा वाटा परवानाधारकांच्या संख्येप्रमाणे मिळतो. हंगाम आखडला, परराज्यातील शिकाऱ्यांना अटकाव केला, की परवाने घटतात आणि तिजोरीला झळ लागते. कॅन्सस-नेब्रास्कासारख्या राज्यांना परराज्यातील महाग परवान्यांचे उत्पन्न सोडणे सोपे नव्हते. ते त्यांनी सोडले याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. पण प्रत्येक आयोग प्रत्येक वर्षी असा निग्रह दाखवील, या भरवशावर धोरण उभे राहू शकत नाही.

शिकाऱ्यांनी पैसा दिला आणि पक्षी परत आले, ही वस्तुस्थिती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे सोळा वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या सुमारे एक कोटी पंधरा लाख होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहूनही कमी. पक्षी मात्र सर्वांचा आहे. मिसुरीने यातून एक वाट काढली. १९३६ मध्ये तेथील नागरिकांनी घटनादुरुस्ती करून पक्षीय राजकारणापासून शक्य तितका दूर असा चारसदस्यीय आयोग नेमला, ज्यात एका पक्षाचे दोनांहून अधिक सदस्य असू शकत नाहीत. आणि १९७६ मध्ये विक्रीकरातील एक अष्टमांश टक्का संवर्धनासाठी देण्यास मतदारांनी मान्यता दिली. तेव्हापासून बंदूक कधी हाती न धरलेली गृहिणीही साबण-साखर खरेदी करताना रानासाठी आपला वाटा देते. असा आयोग शिकाऱ्याचे ऐकतो, पण त्याचा मिंधा नसतो.

भारताने १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांद्वारे शिकारबंदीचा मार्ग पत्करला. आपल्या परिस्थितीत तो योग्यच होता, आणि टर्कीच्या कथेवरून तो बदलावा असे मुळीच सुचवायचे नाही. पण बंदी असो वा परवाना, मोजणी, वेळ आणि पैसा या तीन प्रश्नांपासून कोणत्याही राज्यकर्त्याची सुटका नाही.

अमेरिकी राज्यांपुढचे कर्तव्य त्यामुळे पुरेसे स्पष्ट आहे. हंगामाचा प्रारंभ सुट्टीच्या वारावरून नव्हे, तर माद्या अंड्यांवर केव्हा बसतात याच्या प्रत्यक्ष नोंदीवरून ठरवावा. मारलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद सर्वत्र सक्तीची असावी, कारण ज्याची वजाबाकी ठाऊक नाही त्याची शिल्लक कळणार कशी? नियमातील प्रत्येक मोठा बदल ठरावीक मुदतीचा असावा आणि त्याच्या शेजारी तुलनेसाठी एक भाग पूर्ववत् ठेवावा. पूर्वेकडील राज्यांत बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे, म्हणून जो जमीनदार बांधावर गवत राखील, झाडी विरळ करील, त्याला त्याचा मोबदला मिळावा. नियम बंदुकीला आवरू शकतो, नांगराला आणि कुऱ्हाडीला नाही. आणि निधीचा पाया शिकाऱ्यांपलीकडे विस्तारावा.

दोन लाखांवरून पासष्ट लाखांवर नेणारी पिढी टंचाईत शहाणी झाली होती. तिने तीन दिवसांचा हंगाम आणि ९४ पक्षी एवढ्यावर समाधान मानले, कारण रिकामे रान तिने डोळ्यांनी पाहिले होते. आजच्या पिढीची कसोटी अधिक कठीण आहे. रान अद्याप रिकामे झालेले नाही, पहाटेचा आरव अजून ऐकू येतो, आणि तो ऐकू येत असतानाच तिला हात आवरायचा आहे.